दोन एक्के आणि एक व्याही

मीरा रोड (पूर्व),
६ फेब्रुवारी २००६

ती. अक्कास,
शशिकांतचा शि. सा. न. वि. वि.

कोकमं आणि कुळथाचं पीठ पोचलं. पिठाची पिशवी वाटेत फुटली होती, पण अर्धं पीठ कोकमांना लागलं नि अर्धं तुझ्या पत्राला, म्हणजे वाया काही गेलं नाही. फोनच करणार होतो, पण तू हॅलो हॅलो करून ठेवून देतेस. आशाचं म्हणणं, वन्संना ऐकू सगळं येतं, फक्त फोनवर समोरचा मध्येच बोलतो ते त्यांना खपत नाही. हे तिचं म्हणणं आहे, माझं नाही.

आता बसून वाच. मिनलने लग्न ठरवलंय. आपलं आपणच. मुलगा साईराज, तिच्याच ऑफिसात आहे, भाईंदर पश्चिमेच्या मोरवा गावचा. निर्व्यसनी आहे, पगार बरा आहे, आणि मिनल बोलत असली की मान डोलावतो, म्हणजे पुढचं शिक्षण आत्ताच झालंय. त्याच्या आईने, सरूबाईंनी, आम्हाला जेवायला बोलावून असे बोंबील वाढले की आशा दुसऱ्याच्या घरात काही न सुचवता जेवली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

घोडं अडलंय मुलाच्या वडिलांपाशी. हरिश्चंद्रभाऊ, मालगाडीचे गार्ड होते, आता रिटायर. अजून होकार देत नाहीत, बघू म्हणतात. साईराज वडिलांच्या शब्दाबाहेर जाणारा नाही. एवढंच असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण अक्का, हे हरिश्चंद्रभाऊ माझ्याच ब्रिज क्लबात आहेत. वर्षभर दर रविवारी मी त्यांच्यासमोर बसून त्यांच्या राजा-राण्या मारतोय, आणि त्यांच्या घरी जेवायला जाईपर्यंत मला पत्ता नव्हता की साईराजचे बाबा म्हणजे हेच.

तुला ब्रिज म्हणजे काय ते थोडं सांगतो. आपल्या मेंढीकोटासारखंच. चौघं बसायचं, दोघादोघांची जोडी, हुकूम असतो, हात करायचे. फक्त आधी बोली लावायची, की आम्ही इतके हात करू. बोललात तेवढे केले नाहीत तर बुडालात. आमच्या क्लबात डुप्लिकेट खेळतात. नावावर जाऊ नकोस, त्यात नकली काही नसतं. वाटलेली पानं पिसत नाहीत, चार कप्प्यांच्या पाकिटात तशीच परत ठेवतात आणि पाकीट पुढच्या टेबलावर जातं. सगळ्यांना तीच पानं, त्यामुळे नशिबाला बोल लावता येत नाही.

क्लबाच्या डायरेक्टर हंसाबेन, शाळेतून निवृत्त झालेल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी भिंतीवर नियम लावलेत, हिंदी, गुजराती, मराठी तिन्हीत. कपाळाला आठ्या घालू नयेत, उसासे टाकू नयेत, जोडीदाराला रागावू नये, आणि काही चुकीचं दिसलं तर आपसात न भांडता हात वर करून डायरेक्टरला बोलवावं, त्याचा कोणी राग मानू नये. बोलीसुद्धा तोंडाने बोलायची नाही, आवाजातून जोडीदाराला खूण जाते म्हणून. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या पाठीवर बोल्या लिहिल्यात, ते पुठ्ठे दाखवायचे.

तर येत्या एकोणीस तारखेला क्लबाची वार्षिक स्पर्धा आहे आणि माझी नि रोशनभाईंची जोडी हरिश्चंद्रभाऊंसमोर बसणार. रोशनभाई म्हणजे आमच्याच मजल्यावरचे, पडद्यांचं दुकान आहे त्यांचं. मी मुलीचा बाप. समोर मुलाचा बाप, होकार न दिलेला. मी कसं खेळावं हे त्या भिंतीवर कुठल्याच भाषेत लिहिलेलं नाही. तू वडीलधारी, तूच सांग.

आशा नमस्कार सांगते. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
शशी


देवरुख,
११ फेब्रुवारी २००६

चि. शशिकांत यास,
अनसूयेचे अनेक आशीर्वाद.

मिनलचं वाचून आनंद झाला. मुलगा मान डोलावतो म्हणतोस ते उत्तम. तुझ्यासारखा मान डोलावून नंतर आपलंच करणारा नसला म्हणजे मिळवली. आशाला सांग, मला फोनवर ऐकू येत नाही ते येतच नाही, पण पत्रातलं सगळं ऐकू येतं.

तुझ्या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. मुलीकडच्याने मुलाकडच्यावर जिंकायचं असतं का कधी? माझ्या सीमांतपूजनाच्या दिवशी मांडवात पत्ते मांडले होते ते तुला आठवत नसेल, तू तेव्हा लाडवांच्या डब्यापाशी होतास. माझे मामंजी आणि मुलीचा बाप म्हणून आपले दादा समोरासमोर बसले. दादांच्या हातात हुकमाची मोठी पानं असून त्यांनी दश्शी मामंजींना जाऊ दिली. एक नाही, दोन गेल्या. मामंजी इतके खूश झाले की मानपानाचं सगळं भांडण तिथेच मिटलं. दादा मला म्हणाले होते, बाळे, पत्ते एकदा पिसले की कोणाच्या हातात काय होतं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

तेव्हा तूही तेच कर. जरा सांभाळून हर, अगदी पाट मांडून हरू नकोस. चेहरा पडलेला दिसू दे. तुझा तसाही पडलेलाच असतो, त्यामुळे कष्ट पडणार नाहीत. ते पाकिटाचं तू काय लिहिलंयस ते मला नीट उमगलं नाही, सोडून दिलं. पत्ते ते पत्ते.

कुळीथ भाजूनच घे. होकार आला की लगेच कळव, मी देवापाशी साखर ठेवून बसले आहे.

तुझी,
अक्का


मीरा रोड,
१९ फेब्रुवारी २००६, रविवार

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अक्का, देवापुढची साखर वाटून टाक. काम फत्ते.

दुपारीच आम्ही समोरासमोर आलो. हरिश्चंद्रभाऊंनी बदाम हुकूम करून बारा हातांची बोली लावली. तेरातले बारा म्हणजे बघ, कोणी रोज बोलत नाही. आणि माझ्या हातात चौकटचा एक्का आणि किलवरचा एक्का. उतारी माझी. पहिलं पान मी टाकायचं. दोन्ही एक्के एकापाठोपाठ खाली ठेवले असते तर व्याही दोन पानांत बुडाले असते. मी तुझं पत्र आठवलं, दादा आठवले, आणि इस्पिकची चौकी टाकली.

हरिश्चंद्रभाऊंनी इस्पिकच्या मोठ्या पानांवर आपली चौकट फेकून दिली, म्हणजे माझा चौकटचा एक्का कायमचा मेला. मग हातातली बाकीची पानं टेबलावर उघडी मांडली आणि म्हणाले की एक हात तुमचा, बाकी सगळे आमचे. मी हो म्हणून माझी पानं पालथीच पाकिटात सारली. रोशनभाई माझ्याकडे बघत राहिले. पण जोडीदाराला रागावू नये हा नियम आहे, आणि रोशनभाई नियमाचे पक्के. चहाच्या वेळी फक्त त्यांनी मला हिंदीतून विचारलं की तब्येत बरी आहे ना, आणि डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव दिलं.

ती बारा हातांची बोली क्लबात दुसऱ्या कोणाचीच पुरी झाली नाही. हरिश्चंद्रभाऊंचा पहिला नंबर आला. त्यांना मी वर्षभरात हसताना पाहिलं नव्हतं, आज दात दिसले. मला म्हणाले की अक्षय्य तृतीयेचा दिवस साखरपुड्याला बरा हाय. मोरव्याला फोन करून सरूबाईंना ती बारा हातांची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. सरूबाईंना पत्त्यातलं काही कळत नाही, तरी सांगितली.

मी लवकर घरी आलो. भाऊ अजून हॉलमध्येच आहेत, हंसाबेनना आणि बाकीच्यांना ते पाकीट उघडून डाव कसा खेळला ते पानं मांडून दाखवताहेत. दाखवू दे बापड्यांना, त्यांचा दिवस आहे.

दादांची नि तुझी पुण्याई. असाच लोभ आणि असाच सल्ला मिळत राहो.
तुझा,
शशी


मीरा रोड,
२१ फेब्रुवारी २००६

ती. आत्येस,
मिनलचा सा. न. वि. वि.

आत्या, तू बाबांना जे काही लिहिलंस ते मी वाचलं. बाबांनीच दाखवलं, कोणीतरी बरोबर बुडायला हवं म्हणून.

झालं काय ते सांगते. साईराज त्याच्या बाबांना न्यायला हॉलवर गेला होता, त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या बाबांनी ते बाराचं पाकीट उघडलं. पानं पिसत नाहीत हे तुला बाबांनी लिहिलं होतं, तू सोडून दिलंस म्हणालीस. चार कप्प्यांत चौघांची पानं जशीच्या तशी होती. त्यांनी आपली पानं मांडली, आपल्या जोडीदाराची मांडली, मग बाबांच्या कप्प्यातली मांडली. दोन एक्के. त्यांना वाटत होतं एक बाबांकडे असेल नि दुसरा रोशनअंकलकडे, म्हणून कोणाला सुचलं नाही. दोन्ही एकाच हातात बघितल्यावर ते दोन एक्के धरून नुसते खुर्चीत बसून राहिले. साईराज म्हणतो, त्याने आपल्या बाबांना असं फक्त आजी गेली तेव्हा बघितलं होतं.

मग हंसाबेननी बाबांना फोन करून परत बोलावलं. माझे बाबा ना आत्या, त्यांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मी मुलीचा बाप, म्हणून सोडलं. हंसाबेन असल्या भडकल्या. म्हणाल्या की स्वतःच्या ताटातलं वाढलं असतंत तर आम्ही बोललो नसतो. सगळ्यांचे मार्क एकमेकांशी ताडून बघतात, एकाला फुकट दिलं की त्याच बाजूला बसलेल्या बाकीच्या सगळ्यांचं कमी होतं. तुम्ही पंगतीतल्या लोकांच्या ताटातलं उचलून व्याह्यांना वाढलंत. तो डाव रद्द केला, भाऊंचा नंबर गेला, आणि बाबांना पुढचे काही रविवार खेळायला बंदी.

नंबर गेला त्याचं भाऊंना काही नाही. ते फक्त एवढंच म्हणाले की मी भीक मागितली न्हवती, आणि जो माणूस पानात असा वागतो तो नात्यात खरा कसा वागल. साखरपुडा कॅन्सल. म्हणजे नाही म्हणाले नाहीत, परत बघू म्हणाले, पण त्यांचं बघू म्हणजे काय ते आता मला कळलंय. साईराजला मी सांगितलं, रजिस्टर करू या. तर तो मान डोलावत नाहीये. पहिल्यांदाच. म्हणतो बाबांशिवाय मी करणार नाही, आणि खरं सांगू, त्यासाठीच मला तो आवडतो, म्हणून जास्तच रडू येतंय.

बाबा जेवत नाहीत. आई म्हणते दोन वेळा उपास केल्याने कोणी मरत नाही, पण तीही जेवत नाहीये. रोशनअंकल आमच्याकडे बिर्याणी घेऊन आले, तीही तशीच पडून आहे.

माझं लग्न चौकटच्या एक्क्यावर अडलंय आत्या. करायला गेलीस गणपती नि झाला मारुती. आता तूच काहीतरी कर.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
मिनल


देवरुख,
२६ फेब्रुवारी २००६

श्री. हरिश्चंद्रभाऊ यांस,
अनसूयेचा स. न. वि. वि.

तुमची माझी ओळख नाही. मी शशिकांतची थोरली बहीण. बाईने परक्या पुरुषाला पत्र लिहावं का, असा विचार माझ्या मनात आला होता, पण सत्तरीत तो फार वेळ टिकला नाही.

झाला प्रकार कळला. शशीने तुम्हाला जिंकू दिलं ते माझ्या सांगण्यावरून. त्याला अक्कल नाही असं नाही, पण ती तो वापरायच्या आधी मला विचारतो. लहानपणची सवय. आम्ही कोकणातली माणसं, व्याह्यांपुढे झुकायचं हे आमच्या हाडात मुरलेलं. त्यात तुमचा मान वाढेल असं वाटलं, तो कमीच झाला. चूक माझी. तुम्ही मला बोला, मुलांना बोलू नका.

शशी तुमच्याशी पुन्हा खेळेल, आणि या वेळी तुम्हाला एक पानसुद्धा सोडणार नाही, याची जबाबदारी माझी. मात्र एक सांगून ठेवते. तो पत्त्यात फार हुशार नाही. लहानपणी आम्ही त्याला झब्बू द्यायचो, तर पत्ते त्याच्या फ्रॉकमध्ये सुद्धा मावायचे नाहीत. आमचे वडील मला फ्रॉक शिवायचे तेव्हा उरलेल्या कापडाचा त्यालाही शिवायचे, म्हणून फ्रॉक. हे त्याला सांगू नका. सांगायचं इतकंच की तो हरला, तर ते मुद्दाम असेलच असं समजू नका.

बोंबलांची कीर्ती इथपर्यंत आली आहे. सरूबाईंना नमस्कार. राग बाजूला ठेवून उत्तर द्यावं, एवढी विनंती.

आपली,
अनसूया


मोरवा, भाईंदर (प.)
४ मार्च २००६

श्रीमती अनसूयाताईंस,
हरिश्चंद्राचा नमस्कार.

ताई, तुमचा कागद पोचला. माझं लिवणं साधं हाय, गार्डाच्या डायरीत लिवायचो तेवढंच. चूकभूल माफ करा.

राग तुमच्यावर न्हाय. शशिकांतभाऊंवर पण तितका न्हाय. मुलगी गुणाची हाय, घरात आली तर आमच्याच अंगणाला शोभा. पण मी वलसाडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये ब्रिज शिकलो. तिथं मोठमोठे साहेब बसायचे, आणि पानं हातात असेपर्यंत ते साहेब न्हाईत नि मी गार्ड न्हाय. मना कोणी सोडलं न्हाय, मी पण कोणाला सोडलं न्हाय. आयुष्यात बारा हात एकदाच बोललो नि एकदाच झाले. आख्ख्या गावाला सांगून बसलो. आता गावात पोरं इचारतात, काका, दोन एक्के कुठे गेले.

पुन्हा बसायला माझी ना न्हाय. पण मना एक समजत न्हाय. ते जिंकले तर म्हणतील बहिणीनं सांगितलं म्हणून जिंकलो. हरले तर मी म्हणीन परत सोडला. त्यांचा खरा खेळ मी बघितला की न्हाय तेच आता मना ठाऊक न्हाय. माणूस खरा हाय का कसा, हे मी ओळखायचं कसं? ते तुम्ही सांगा. तोवर मी हो पण म्हणत न्हाय नि नाय पण.

फ्रॉकची गोष्ट माझ्या पोटात राहील. बायको बोंबील पाठवते, सुके हायेत, टिकतील.

तुमचा,
हरिश्चंद्र


मीरा रोड,
२० मार्च २००६

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

बंदी संपली आणि काल पुन्हा क्लबात गेलो. तू हरिश्चंद्रभाऊंना काय लिहिलंस कोण जाणे, माझ्याकडे बघून ते दोनदा गालात हसले आणि माझ्या शर्टाकडे बघत होते. मला वाटलं बटण तुटलंय. तू मला लिहिलंस की जीव तोडून खेळ. ठीक आहे. पण अक्का, जीव तोडून खेळायचं ठरवलं की माणसाला साधी पानंही दिसत नाहीत. हॉलमध्ये प्रत्येक जण माझ्याकडे बघत होता. मिनल आणि साईराज भिंतीपाशी नियमांखाली खुर्च्या टाकून बसले होते, तीही दोघं माझ्याकडे बघत होती.

भाऊंसमोर बसलो आणि पहिलाच डाव मी घालवला. खराखुरा, प्रामाणिकपणे घालवला. हुकूम काढायचे विसरलो. दुसऱ्या डावात राजा असताना गुलाम टाकला. रोशनभाई छताकडे बघत काहीतरी पुटपुटले, बहुतेक अल्लाचं नाव घेत होते. भाऊंचं तोंड मात्र काळवंडत गेलं. त्यांना वाटलं, मी परत तेच करतोय. मी शपथ घेऊन सांगणार तरी कसं की मी एवढाच बरा खेळतो? खेळताना बोलायचं नाही. मला वाटलं, संपलं. माझ्या पोरीचं लग्न मी माझ्याच हाताने पाकिटात घालून बंद केलं.

तिसरा डाव. भाऊंनी इस्पिक हुकूम करून दहा हातांची बोली लावली. मी चौकटचा राजा टाकला. भाऊंनी तो इस्पिकच्या तिरीने कापला. म्हणजे त्यांच्याकडे चौकट नाही. बरं. माझा राजा गेला, मला वाईट वाटलं. आणखी चारपाच हात झाले, आणि भाऊंच्या हातातून, माझ्या डोळ्यांसमोर, चौकटची दुरी खाली पडली.

चौकट हातात असून त्यांनी हुकूम मारला होता. अक्का, त्या क्षणी मला काही आठवलं नाही. व्याही आठवले नाहीत, मिनल आठवली नाही, दादा नाही, तू नाही. माझा चांगला जिवंत राजा त्या माणसाने गैरमार्गाने मारला एवढंच डोक्यात होतं. मी हात वर केला आणि ओरडलो, डायरेक्टर.

शेजारच्या टेबलांवरचे डाव थांबले. मुलीच्या बापाने मुलाच्या बापावर हात वर केला. आशा हे ऐकून घरी खाटेवर बसली. मिनलने तोंडावर ओढणी घेतली होती. साईराज उभा राहिला होता.

हंसाबेन आल्या. मी सांगितलं. भाऊ म्हणाले, मी असलं काही केलेलं न्हाय, चाळीस वर्षं खेळतोय. मी म्हणालो, चाळीस वर्षं खेळा नाहीतर शंभर, माझा राजा मला परत पाहिजे. ते म्हणाले, तुमची नजर बरी न्हाय, तुमचे एक्के पण तुम्हाला दिसत न्हाईत. मी म्हणालो, एक्के सोडले ते माझे होते, राजा मारलात तोही माझाच. आमचे आवाज खालच्या मेडिकलवाल्यापर्यंत गेले. तो चढून वर आला.

पण डुप्लिकेटमध्ये टाकलेली पानं मध्ये गोळा करत नाहीत, प्रत्येक जण आपलं पान आपल्याच समोर क्रमाने पालथं ठेवतो. हंसाबेननी भाऊंची पानं एकेक उलटली. इस्पिकची तिरी होती, आणि पुढे चौकटची दुरी. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि दुरीकडे बघितलं. बदामाच्या मागे लपली होती म्हणाले. हंसाबेननी पुस्तक उघडून निकाल दिला. त्यांचे दोन हात कापून आम्हाला दिले, भाऊंची बोली बुडाली. आणि आरडाओरड केली म्हणून आम्हा दोघांनाही त्या दिवसापुरतं हॉलबाहेर काढलं. रोशनभाईंनी टाळ्या वाजवल्या, त्यांनाही ताकीद मिळाली.

भाऊंनी बाहेर निघण्याआधी आपली पानं गोळा केली, तेरा मोजली आणि कप्प्यात नीट ठेवली. मग माझ्याकडे बघितलं. मी हात जोडायला गेलो, आता भान आलं होतं. तर त्यांनी माझे जोडलेले हात धरून खाली केले. म्हणाले, आता परत सोडू नका. आत्ता कुठे माणूस दिसला.

आम्ही रिक्षा करून घोडबंदरच्या खाडीवर गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी भजी खाल्ली आणि हंसाबेनना मनसोक्त नावं ठेवली, त्यात आमचं एकमत झालं. अक्षय्य तृतीयेचा साखरपुडा परत ठरला. उरतील त्या लग्नपत्रिका हंसाबेननी बोलीच्या पुठ्ठ्यांसाठी आत्ताच मागून ठेवल्यात. कालच्या मार्कांत आमची जोडी शेवटून पहिली आली, त्यावर तर भाऊंची खात्रीच पटली. म्हणतात, इतकं वाईट कोणी मुद्दामसुद्धा खेळू शकत न्हाय, म्हणजे खरंच असणार.

तुला न विचारता पहिल्यांदाच काही केलं. रागावू नकोस. माया आहे तशीच ठेव.
तुझाच,
शशी


देवरुख,
२५ मार्च २००६

चि. शशिकांत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा तुझ्यासाठी आणि एकदा माझ्यासाठी.

रागावले नाही. उलट तुला सांगायचं राहिलेलं सांगते. दादांनी मांडवात दश्शी सोडली आणि मामंजी खूश झाले, हे तुला लिहिलं ते खरंच आहे. पण मी अर्धंच लिहिलं. त्या दिवसापासून त्या घरात ठरूनच गेलं की हिच्या माहेरचे हरणारे. पुढे दिवाळीत पत्ते मांडले की मामंजी माझ्याकडे बघून हसायचे, आणि मी दश्शी सोडायची. पत्ते नसत तेव्हाही सोडायची. शिवणाचा वर्ग सोडला, माहेरचा गणपती सोडला, असं काय काय. ह्यांना कधी कळलंसुद्धा नाही. माणसं वाईट नव्हती रे, त्यांना फक्त सवय लागली. मामंजी जाण्याच्या आधी एकदा मला म्हणाले, तुझ्या बापाने त्या दिवशी मला जिंकू दिलं ना, मला तेव्हाच कळलं होतं. इतकी वर्षं माहीत होतं आणि बोलले नाहीत. मी तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

मला वाटायचं पत्ते पिसले की कळत नाही. कळतं. आणि तरी मी तुला तेच शिकवलं. तू हात वर केलास ते बरं केलंस. माझ्या वेळी कोणी केला असता तर! पण आमच्या मांडवात डायरेक्टर कुठून आणणार होते.

मिनलला सांग, साईराजकडून एकही दश्शी फुकट घेऊ नकोस आणि त्याला एकही फुकट देऊ नकोस. ती हसेल, हसू दे. लक्षात राहील.

साखरपुड्याला मी येते आहे. शेजारच्या दिनूच्या जीपने चिपळूणपर्यंत आणि पुढे तू घ्यायला ये. बोंबील पोचले, चांगले आहेत, पण ताजे खायचे आहेत. हरिश्चंद्रभाऊंना निरोप दे, की जेवणं झाली की मी त्यांच्यासमोर मेंढीकोटाला बसणार. चारही दश्श्या घेणार, एक ठेवणार नाही. पाकिटंबिकिटं काही आणू नयेत, पत्ते चांगले पिसायचे. आणि फ्रॉकबद्दल त्यांनी तुला काही सांगितलं असेल तर ते सगळं खरं आहे.

सर्वांना आशीर्वाद. बाकी समोर बसल्यावर.
अक्का